न वाकवलेलं पातं

दुपारी दीड वाजता थोरल्याने कारखान्याच्या दाराला आतून अडसर लावला आणि घरच्यांना भट्टीपाशी बोलावलं. भट्टी थंड होती. आठ दिवस ती पेटली नव्हती. या घराला ऊब, उजेड आणि बोलायला विषय हे तिन्ही तिच्याकडूनच मिळत असल्यामुळे आठ दिवस घरात यांपैकी काहीच नव्हतं.

धाकटी सून आपल्या कातडकामाच्या टेबलापाशीच उभी राहिली. टेबलावर नाट्यगृहाच्या मखमली पडद्याचा एक तुकडा पसरला होता आणि त्यावर तलवार होती : पातं वेगळं, मूठ वेगळी. मागच्या रविवारी दुसऱ्या अंकाच्या शेवटी सेनापतीने शत्रूच्या ढालीवर घाव घातला होता. ढाल शाबूत राहिली, कारण ती धाकटीने केली होती. पातं मात्र मुठीतून सुटून विंगेत गेलं. विंगेत प्रॉम्प्टर बाई संहिता मांडीवर घेऊन बसली होती. तिने उभ्या आयुष्यात प्रेक्षकांना कधी तोंड दाखवलं नव्हतं, आणि तिचं सगळं पोट दोन डोळ्यांवर चालत होतं. त्यातला उजवा गेला.

सकाळी नाट्यगृहाचा व्यवस्थापक स्वतः दोन्ही तुकडे घेऊन आला होता. "तपासणी अधिकारी तीनला इथेच येतील, सील करून नेतील," तो म्हणाला होता. "तोवर तुमची वस्तू तुम्ही एकदा नीट पाहून घ्या." हे बोलताना तो भिंतीवर वाळत टांगलेल्या ढालींकडे पाहत होता. सभ्य माणसं गुन्ह्याची सूचना अशीच देतात, भिंतीकडे पाहत.

"बसा ना सगळे," थोरला म्हणाला. बसायला दोनच स्टुलं होती. एकावर धाकटीचे सासरे आबा आधीच बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हात थरथरतात हे लपवायची त्यांची ही जुनी युक्ती. तिच्यामुळे आता फक्त त्यांचीच फसवणूक होत होती. दुसऱ्या स्टुलावर नणंद बसली. ती पेशाने वकील.

"मी वकील म्हणून आलेले नाही," ती म्हणाली. "बहीण म्हणून आलेय." आणि तिने पिशवीतून पिवळा कागद व पेन काढलं.

"मग बहिणीने पेन आत ठेवावं," धाकटी म्हणाली.

"अगं, सवय." नणंदेने पेन ठेवलं नाही.

थोरली जाऊ खिडकीपाशी टबात काहीतरी दाबत होती. धाकटीने पाहिलं. मुठीला लागतं तसलं बकरीचं पातळ कातडं होतं, भिजून पोळीच्या कणकेसारखं मऊ झालेलं. कातडं असं भिजायला निदान चार तास लागतात. म्हणजे घरच्यांशी विचारविनिमय करायचा असं दीडला ठरलं होतं, आणि काय ठरवायचं ते सकाळी साडेनऊलाच ठरलं होतं.

"जाऊबाई, हे कुणासाठी?"

"असू दे हाताशी," जाऊ म्हणाली. "वेळेवर धावाधाव नको. तहान लागल्यावर विहीर खणण्यात काय अर्थ?"

थोरल्याने घसा खाकरला. गिऱ्हाइकाला उशिराचं कारण सांगताना तो जसा खाकरायचा तसाच. "हे बघ धाकटे, मी आडपडदा ठेवत नाही. अधिकारी मूठ उघडणार. उघडली की पहिल्यांदा काय बघणार? ठसा. ठसा नसला की विचारणार, का नाही. मग नाट्यगृहाला दिलेल्या अठरा तलवारींचा हिशेब निघेल. मग कारखान्याला कुलूप."

"ठसा कसा असेल?" धाकटी म्हणाली. "पाती आपली नव्हतीच."

थोरल्याने दाराचा अडसर नीट बसलाय का ते पुन्हा पाहिलं.

या कारखान्यात दोन नियम होते आणि दोन्ही आबांनी घालून दिलेले. पहिला असा : ज्याने पातं घडवलं त्याने ते दुसऱ्या कुणासमोर वाकवायचं. टोक लाकडी ठोकळ्याच्या खाचेत रुतवायचं, मुठीकडून रेटत पात्याचं धनुष्य करायचं, तीनदा या अंगाला, तीनदा त्या अंगाला. सोडल्यावर ते ओळंब्यासारखं सरळ झालं, तरच मुठीत शिरणाऱ्या शेपटावर घडवणाऱ्याने आपला ठसा मारायचा आणि पाहणाऱ्याने शेजारी आपला. मग त्यावर बीच झाडाच्या लाकडाच्या दोन फाका, त्यावर सरसात बुडवलेली सुतळी, त्यावर कातडं. शंभर वर्षं ते ठसे कुणी पाहणार नसतं. जे कुणी पाहणार नाही तिथेच खोटं बोलायचं नाही, एवढाच त्या नियमाचा अर्थ. इतिहासाच्या पुस्तकांत तलवारी कुणी उपसल्या त्याचे रकानेच्या रकाने असतात. त्या कुणी वाकवून पाहिल्या याची एक ओळही नसते. म्हणून तर तो इतिहास इतका सरळ दिसतो.

दुसरा नियम मरणाचा. घडवणारा गेला की त्याच दिवशी त्याचा ठसा ऐरणीवर चेपून टाकायचा. मेलेल्या हाताने नवी पाती घडू नयेत.

धाकटीचा नवरा, धाकटा, गेल्याला चौदा महिने झाले होते. त्या दिवशी आबांनी सगळ्यांना बाहेर काढून कारखान्याचं दार लावून घेतलं होतं, आणि बाहेर उभ्या असलेल्या धाकटीने घावाचा आवाज ऐकला होता. एकच घाव.

थोरल्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर सोडली. आत बोटभर लांबीची पोलादी कांडी होती. तिच्या तोंडावर तीन पाकळ्या होत्या, धारदार, जशाच्या तशा. मधली पाकळी किंचित तिरकी. पहिल्यांदा कोरताना धाकट्याचा हात घसरला होता आणि मग त्याने ती तशीच ठेवली होती, 'माझी सही अशीच' म्हणून.

धाकटीने त्या पाकळीला बोट लावलं.

"हे आबांच्या खणात होतं," थोरला म्हणाला.

तिने आबांकडे पाहिलं. आबा भट्टीच्या राखेकडे बघत होते.

"हात उठला नाही," ते म्हणाले. "रिकाम्या ऐरणीवर मारला एक. तुम्हांला ऐकू जावा म्हणून."

या घरात गेल्या चौदा महिन्यांत धाकटीला मिळालेला हा पहिला दिलासा होता. म्हाताऱ्याने लेकाची एवढीशी वस्तू पोटाशी धरून ठेवली होती. आणि ज्या क्षणी तिला हे कळलं, त्याच क्षणी ती वस्तू कशासाठी बाहेर निघाली तेही कळलं.

"नाही," ती म्हणाली.

"ऐकून तरी घे," नणंद म्हणाली. "धाकट्याच्या मांडणीवर जुनी तीन-चार पाती होती. होती ना? घाईत त्यातलं एक या अठरांत गेलं. चूक झाली, कुणाच्या लक्षात आली नाही. शेवटच्या वर्षी त्याचा हात थकलेला होता, हे शेजारीपाजारीही सांगतील. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही गं. त्याला काही होणार नाही."

"हात नव्हता थकला. फुप्फुसं थकली होती. हात शेवटच्या दिवसापर्यंत तुमच्या सगळ्यांपेक्षा सरळ होता."

"ते आपल्याला माहीत आहे."

"मग ज्यांना माहीत नाही त्यांना हे सांगायचं?"

"अगं धाकटे," जाऊ टबापाशीच वळून म्हणाली, "मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात लोक. गेलेल्याचं सगळे चांगलंच बोलतात. एखाद्याने वाईट बोललं तर बिघडलं काय? दूध थोडं कमी."

थोरला हसला, पण एकटाच हसतोय हे लक्षात आल्यावर थांबला. धाकटीने पात्याचा तुकडा उचलून उजेडात धरला. शेपूट जिथे तुटलं होतं तिथलं तोंड रवाळ होतं, जाड्या साखरेसारखं. चांगल्या पोलादाचा तुटलेला चेहरा बारीक, राखाडी, रेशमी असतो. हे जोडकाम होतं : कुठल्याशा यंत्रावर पत्र्यातून कापलेलं पातं आणि त्याला शेपटाच्या जागी डाग देऊन चिकटवलेली, आटे पाडलेली सळई. सांध्याशेजारचं लोखंड त्या उष्णतेत ठिसूळ होऊन बसलेलं. एकदा, फक्त एकदा खाचेत घालून रेटलं असतं तर ते इथेच, या ठोकळ्यापाशी कडकन मोडलं असतं.

"हे बघा भाऊजी. असला रवा त्यांच्या कुठल्या पात्यात दिसला कधी?"

"अधिकाऱ्याला रवा कळतो का?"

"ठसा कळतो, आणि रवा कळत नाही?"

"ठसा चित्र असतं," नणंद म्हणाली. "चित्र सगळ्यांना कळतं." हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं, की क्षणभर ते एखाद्या ग्रंथातलं सूत्र वाटावं. धाकटीला वाटलं, हिने बरीच वर्षं बरीच पुस्तकं वाचली आणि त्या सगळ्यांतून नेमकं एवढंच उचललं.

थोरला टेबलाला वळसा घालून जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "फुकट नाही मागत. ठिणगीचा विषय आहे ना? तुझ्या पोरीला घडवणीला बसायचंय. तीन वर्षं मागं लागलीये, आबा नाही म्हणतायत. सोमवारपासून ती ऐरणीवर. तिचा स्वतःचा ठसा. हवा तो कोरू दे. आबांनी होकार दिलाय."

"आबांनी?"

आबांनी मान हलवली. ती होकाराची की हातांच्या थरथरीची, हे सांगता आलं नसतं.

हे मात्र धाकटीला लागलं. ठिणगी बावीस वर्षांची होती. बापाकडून चोरून चोरून शिकली होती. घरातल्या सगळ्या पात्यांना तिनेच झिलई दिली होती आणि एकही तिच्या नावावर नव्हतं. या क्षणी ती इस्पितळात होती. आठ दिवस ती रोज त्या प्रॉम्प्टर बाईच्या उशाशी बसून तिला मोठ्याने वाचून दाखवत होती. का, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. घरात कुणी विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

"आणि उरलेल्या सतरा?" धाकटी म्हणाली.

"कुठल्या सतरा?"

"भाऊजी, अठरा दिल्या. एक मोडली. सतरा त्यांच्या सामानघरात आहेत. येत्या शनिवारी पुन्हा प्रयोग आहे, सकाळी तो माणूसच सांगून गेला. सगळ्या त्याच सळईच्या. ही एकच धाकट्याची होती म्हटलं, की बाकीच्या चांगल्या ठरल्या. मग त्या कोण थांबवणार?"

थोरल्याने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने कागदाकडे.

"परत मागवू की," ती म्हणाली. "काहीतरी निमित्त काढून. एकेक करून."

"कधी?"

"दौरा संपला की."

"दौऱ्याचे प्रयोग किती?"

 भिंतीवरची एक ढाल कुरकुरली. ढालीच्या कडेला कच्चं कातडं ओलं असतानाच शिवतात. वाळताना ते आक्रसतं आणि पातळ फळ्यांना मुठीत धरल्यासारखं आवळत जातं. त्याचा असा आवाज येतो. ढाल भक्कम होते ती त्यानेच. धाकटी या आवाजात चोवीस वर्षं जगली होती. सासरी आल्यावर पहिल्या रात्री तिला वाटलं होतं, भिंतीत कुणीतरी दात खातंय.

"चाळीस," शेवटी आबा म्हणाले. त्यांना कोणत्याही गोष्टीची संख्या लपवता येत नसे. एवढाच प्रामाणिकपणा आता उरला होता.

"आबा," धाकटी त्यांच्यासमोर जाऊन उकिडवी बसली. "तुम्हांला आठवतं ना? मी पात्यांचा गठ्ठा उघडला आणि तुमच्याकडे आले. म्हटलं, यांच्यावर ठसे नाहीत, यांना सळई आहे, वाकवून कोण बघणार?"

"आठवतं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, नाटकातल्या आहेत. नाटकात कोण मरतं?" आबांनी एक हात मांडीखालून काढला, पाहिला, परत ठेवला. "माझ्याच्याने सहा आठवड्यांत अठरा झाल्या नसत्या गं. एकसुद्धा झाली नसती. थोरला म्हणाला, आणू बाहेरून, कुणाला कळतंय. मी नाही म्हणालो असतो तर का नाही ते सांगावं लागलं असतं."

"मग काय म्हणालात?"

"बांध म्हणालो."

"आणि मी बांधली," धाकटी म्हणाली. "अठराच्या अठरा."

ती उठली. तिच्या मनात त्या वेळी काय होतं ते तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. आपला नवरा सोडवायचा, एवढं होतं. आपणही सुटायचं, हेही नव्हतं असं नाही. कारण या मुठीखाली काय आहे ते या खोलीत तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मूठ उघडली की तिला फक्त एक मिनिट पाठ फिरवून उभं राहायला हवं होतं, घासायच्या खरकागदाचा एक तुकडा घेऊन. चार ओळी. त्या पुसल्या की अधिकाऱ्याला सापडेल ते फक्त तिच्या नवऱ्याचं नाव. आणि तिची लेक सोमवारी ऐरणीवर.

"उघडते," ती म्हणाली.

जाऊने टबातून कातडं वर काढून पिळलं. थोरल्याचे खांदे खाली आले.

धाकटीने मुठीच्या टोकाचा गोळा पकडीत धरून फिरवला. अस्सल तलवारीत शेपटाचं टोक गोळ्यातून बाहेर काढून ठोकून फुलवतात. ते उघडायचं तर कानसच लागते. हा चार फेऱ्यांत निघाला. गोळ्याखाली चक्क नट होता, सायकलला असतो तसा. मग तिने सुरीने शिलाईचे टाके एकेक करून कापले. आपलेच टाके होते. एकसारखे, तांदळाच्या दाण्याएवढे. कातडं सोलून बाजूला ठेवलं. खाली सुतळीची वीण, सरसाने कडक झालेली. कोमट पाण्याचा बोळा फिरवत ती तिने उलगडली. लाकडाच्या दोन फाकांमध्ये सुरीचं पातं सरकवलं आणि हलकेच पिळलं.

फाका विलग झाल्या.

ती पाठ फिरवणार होती. तिचा डावा हात खरकागदाच्या डब्याकडे गेलासुद्धा. पण नणंद वकील होती. वकिलाला कागद दिसत नाही तिथेही मजकूर दिसतो.

"ते काय लिहिलंय?"

लाकडाच्या आतल्या अंगाला, सळईची खोबण होती तिच्या कडेने, पेन्सिलीने लिहिलेलं होतं. तेल-सरस लागूनही अक्षर स्वच्छ होतं. नणंदेने फाक उचलली आणि वाचली. मग तिने पुन्हा वाचली, ओठ न हलवता. आणि आज पहिल्यांदाच तिने पेनाला टोपण लावलं.

"काय आहे गं?" आबा म्हणाले. त्यांना चार वर्षांपासून जवळचं दिसत नव्हतं. "कुणीतरी वाचा."

नणंदेने फाक धाकटीच्या हातात दिली. "तुझं अक्षर आहे. तूच वाच."

धाकटीने वाचलं :

"पातं वाकवलेलं नाही. शेपूट जोडाचं आहे. आबांना सांगितलं. बांध म्हणाले, बांधली."

खाली तिचा साक्षीचा ठसा होता, लाकडात दाबलेला. एका टाक्याची खूण.

"सगळ्यांत?" थोरल्याचा आवाज चिरकला. "अठराच्या अठरांत?"

"अठराच्या अठरांत."

"झाकली मूठ म्हणतात ती ही," जाऊ पुटपुटली. "सव्वा लाखाची."

"तू आपल्याच घरावर पुरावा लिहून ठेवलास?" थोरला म्हणाला. "चार महिने एका ताटात जेवलीस, आणि—"

"पुरावा तुमच्यावर असता तर दाखवला असता भाऊजी. झाकला असता का? हा माझ्यावर आहे. शेवटचा शब्द वाचा ना. बांधली. मला माहीत होतं आणि मी बांधली. कुणालातरी सांगायला हवं होतं, लाकडाला सांगितलं. लाकडाने कुणाला सांगितलं नाही. एका बाईचा डोळा जाईपर्यंत गप्प राहिलं. तुमच्यासारखंच."

थोरल्याने डब्यातला खरकागद उचलून तिच्यापुढे टाकला. "घास ते. ही एक घास. बाकीच्यांचं मी बघतो."

"शनिवारच्या आत?"

"मी बघतो म्हटलं ना!"

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. या घरात भांडणं कुणीही करत असे, निकाल तिथूनच यायचा. आबांनी दोन्ही हात मांड्यांखालून काढले. ते थरथरत पुढे आले, टेबलावर चाचपत फिरले, आणि त्यांना धाकट्याचा ठसा सापडला. म्हाताऱ्याचा अंगठा त्या तिरक्या पाकळीवरून एकदा फिरला. तेवढा वेळ खोलीतल्या प्रत्येकाला वेगवेगळी आशा वाटली.

"माझं नाव खोडा," आबा म्हणाले. "पन्नास वर्षांचं नाव आहे. माणूस मेला, त्याला काय कळतंय." त्यांनी कांडी तिच्या दिशेने धरली. "सरळ मार. एकाच घावात उमटू दे. दोनदा मारला की सावली पडते."

शेवटी कारागिरीच बोलली. खोटा ठसासुद्धा म्हाताऱ्याला नेटकाच हवा होता.  

धाकटीने कांडी घेतली. सांडशी घेतली. ऐरणीकडे गेली. सुनांनी हातोडा उचलू नये असा या कारखान्यात नियम नव्हता. नियमाची कधी गरजच पडली नव्हती. धाकट्याचा हातोडा अजून त्याच्या खिळ्याला होता. तिने तो काढला तेव्हा थोरला म्हणाला, "तिकडे कशाला? सळई इथे आहे." आणि मग त्याच्या लक्षात आलं.

तिने कांडी सांडशीत धरून ऐरणीवर उभी केली होती. तोंड वर.

"धाकटे!"

पहिला घाव कडेवर बसला आणि एक पाकळी उडून राखेत पडली. दुसरा सरळ बसला. तिसऱ्याला तिथे काही उरलं नव्हतं, फक्त चेपलेलं, चकाकणारं, कुणाचंही नसलेलं तोंड. आठ दिवसांनी ऐरण वाजली होती. ढालींनी तो आवाज थोडा वेळ आपल्यात धरून ठेवला.

"चौदा महिने उशीर झाला," ती म्हणाली. "नियम तुमचाच आहे, आबा."

म्हातारा रडला नाही. त्याचा चेहरा फक्त आत गेला, जसं कच्चं कातडं जातं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. तीनला अजून वीस मिनिटं होती. अधिकारी वेळेआधी आला होता. थोरला जागचा हलला नाही. नणंदेने पिवळ्या कागदाची घडी घातली, मग त्या घडीची घडी. जाऊ म्हणाली, "दार उघडू की नको?" आणि कुणी उत्तर न दिल्यामुळे, घरात उत्तर न मिळालेली सगळी कामं जशी तिच्याच वाट्याला यायची तशी, तीच अडसर काढायला गेली.

"अजून वेळ आहे," आबा घाईघाईने, दबक्या आवाजात म्हणाले. "ठसा नसू दे. नुसतं लिहिलेलं घास, फाका मिटव. वर कातडं घाल. बांध."

तोच शब्द. चार महिन्यांपूर्वी तो ऐकताना तिने मान खाली घातली होती आणि सुई ओवली होती. आता तिने टबाकाठचं ओलं कातडं उचललं, आबांच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडली, ते थंडगार कातडं त्यांच्या तळव्यावर ठेवलं आणि बोटं परत मिटवली.

"तुम्ही बांधा," ती म्हणाली.

अधिकारी आत आला. पन्नाशीचा, दमलेला माणूस; त्याच्या बुटांना चिखल होता आणि हातात सील करायची लाख. त्याने भिंतीवरच्या ढाली पाहिल्या, ऐरणीवरचा हातोडा पाहिला, टेबलावर उघडी पडलेली मूठ पाहिली. दोन्ही फाकांकडे त्याने बराच वेळ पाहिलं.

"ही उघडली कुणी?"

"मी," धाकटी म्हणाली.

"आणि बांधली कुणी होती?"

थोरल्याने तोंड उघडलं. नणंदेने त्याच्या मनगटावर हात ठेवला. आता ती खरोखर वकील म्हणून आली होती.

"मीच," धाकटी म्हणाली. जरुरीपेक्षा जरा मोठ्याने, बहिऱ्याला सांगावं तसं. "आणखी सतरा आहेत. त्या आज आणायला हव्यात. आधी माणूस पाठवा, मग माझं लिहून घ्या."

अधिकाऱ्याने आधी माणूस पाठवला.

जबाब तासभर चालला. तिने जे होतं ते, होतं त्या क्रमाने सांगितलं. कुणाचं नाव गाळलं नाही. आपलं पहिलं घातलं. ठिणगी इस्पितळातून परत आली तेव्हा कारखान्याच्या दारावर सील लागलेलं होतं आणि घरचे सगळे बाहेर अंगणात, एकमेकांपासून सारख्या अंतरावर उभे होते. लेकीने आईकडे पाहिलं, सीलकडे पाहिलं. तिचा ऐरणीवरचा सोमवार कुठल्या सोमवारी येणार होता ते तिला सांगायला आता कुणी उरलं नव्हतं.

आबांना स्टुलासकट बाहेर आणून बसवलं होतं. त्यांची उजवी मूठ अजून तशीच मिटलेली होती. जाऊने ती उघडायचा प्रयत्न केला. कातडं वाऱ्यावर कडक झालं होतं, आणि चारही बोटांचे खळगे त्यात खोल, स्वच्छ उमटले होते. आयुष्यभर त्यांनी मारलेल्या कुठल्याही ठशापेक्षा स्पष्ट.